पिण्याच्या पाण्याला प्लास्टिक नको, मग भांडं कुठलं घ्यायचं?

2024 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बाटलीबंद पाणी तपासलं तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी 2 लाख 40 हजार प्लास्टिकचे बारीक कण सापडले, ते वाचलं आणि मी घरातल्या बाटल्या एकेक करून काढायला घेतल्या. पण बदली काय आणायचं यातच जास्त वेळ गेला. आता दुकानात भांडं हातात घेतलं की आधी एकच बघते, आत हात जातो का आणि तळाला पोचतो का. नाही पोचला तर ते नीट घासलं जात नाही, मग ते कितीही भारी असू दे.

घरात भरून ठेवायला स्टीलचं पिंप सगळ्यात सोयीचं. फक्त तोटी बघून घ्या, पुष्कळदा पिंप स्टीलचं आणि तोटी प्लास्टिकची असते, धातूची मागा आणि ती पिळून निघते का तेही बघा. आमची तोटी पहिल्यांदा उघडली तेव्हा वायसरच्या मागे बोटाला बुळबुळीत थर लागला, आणि बाहेरून पिंप आरशासारखं चकचकीत! तेव्हापासून दर आठवड्याला पिंप रिकामं करते, तोटी उघडून घासते. रांजण असेल तर तोही आठवड्यातून एकदा कोरडा कराच, आणि झाकण घट्ट हवं, कारण डेंग्यूचे डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.

माठ घेताना टिचकी मारा, आवाज खणखणीत आला पाहिजे, बद्द आला तर कुठेतरी चीर असते. आतून रंग किंवा चमक असलेला नको. घरी आणल्यावर दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि साबण अजिबात लावायचा नाही, माती तो शोषून घेते, नुसत्या काथ्याने घासा. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा म्हणजे कुणाचा हात आत बुडत नाही. पावसाळ्यात हवाच दमट असते त्यामुळे माठातलं पाणी फारसं गार होत नाही, माठ बिघडलाय असं समजू नका.

तांब्याच्या भांड्यात रात्री भरलेलं पाणी सकाळी प्यायचं, एवढंच. लिंबू सरबत, ताक, कोकम त्यात कधीच नको, आंबटाने तांबं पाण्यात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. तांब्याच्या बाटलीचं तोंड अरुंद असतं म्हणून मी तांब्या-भांडंच वापरते, चिंचेने आतपर्यंत लख्ख होतं.

बाहेर न्यायला रुंद तोंडाची, एका थराची स्टीलची बाटली घ्या, थर्मासपेक्षा बरीच हलकी पडते, मुलांच्या दप्तराला तर हीच बरी. स्टीलचा ग्रेड, म्हणजे प्रत, 304 हवी. बरेच जण लोहचुंबक लावून बघतात पण हलक्या 202 च्या स्टीललाही तो फारसा चिकटत नाही, त्यापेक्षा आयएसआय मार्क आणि त्याच्यासोबत आयएस 17803 हा पाण्याच्या बाटल्यांच्या मानकाचा नंबर बघा. अॅल्युमिनियमच्या बाटलीला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकसारखाच लेप असतो, ती सोडून द्या. आणि झाकण उलटं करून बघा, वरून स्टील किंवा बांबू दिसतो आणि पाण्याकडची बाजू प्लास्टिकची निघते. सिलिकॉनची रिंग चालेल पण ती काढून धुता आली पाहिजे, वास धरते ती तीच. दुकानातच नखाने काढून बघा, निघत नसेल तर दुसरी बाटली दाखवायला सांगा.