एमबीबीएसनंतर दुसरी डिग्री : कुठली, कधी आणि कशी जमवायची

इंटर्नशिपच्या वर्षात टीबीचा एकच पेशंट मी तीनदा ॲडमिट होताना बघितला. दर वेळी दीड-दोन महिन्यांत गोळ्या सोडलेल्या, कारण तो जरीच्या कारखान्यात कामाला, खाडा झाला की पैसे कापायचे आणि दवाखाना उघडा असायचा तो नेमका कामाच्याच वेळेत. तिसऱ्यांदा त्याची हिस्ट्री लिहिताना मला कळलं की ह्याला माझ्या प्रिस्क्रिप्शनचा काही उपयोग नाहीये, आणि तिथून मी देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) पब्लिक हेल्थला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या कोर्सला गेले. म्हणून ज्युनियर्स विचारतात ना, ताई कुठली डिग्री करू, त्यांना मी सांगते की आधी दोन-तीन महिने वॉर्डात सारखं काय खटकतं ते लिहून काढा, मग कोर्स शोधा.

बेड, स्टाफ, बिलिंगचा गोंधळ बघून जीव जळत असेल तर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, तेही टिसमध्येच आहे, दोन वर्षांचं. आकड्यांत रमत असाल तर शेजारीच आयआयपीएस (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस) आहे, 1956 पासूनची संस्था, लोकसंख्येचा अभ्यास आणि बायोस्टॅट म्हणजे आरोग्याची आकडेवारी तिथे शिका. मशीन उघडून बघायची खोड असेल तर पवईला आयआयटीत बायोमेडिकलच्या एमटेकला एमबीबीएसवाल्यांना घेतात. रिसर्चचं मनात असेल तर सेकंड इयरपासूनच आयसीएमआर ह्या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेचं एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) करा, दोन महिन्यांचं छोटं प्रोजेक्ट असतं, आपल्याला हे झेपतं का ते तिथेच कळतं.

आता दोन्ही एकत्र करण्याबद्दल. अमेरिकेत एमडी-पीएचडी, एमडी-एमबीए असे जोडकोर्स असतात, आपल्याकडे ती सोय जवळपास नाहीच, त्यामुळे बहुतेकांना एकापुढे एकच करावं लागतं. 2022 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) एका वेळी दोन डिग्र्यांना परवानगी दिली हे खरं, पण पीएचडी त्यात येत नाही, आणि एमबीबीएसला थिअरीची 75 आणि प्रॅक्टिकलची 80 टक्के हजेरी लागते, परळहून वॉर्ड संपवून दुसऱ्या कॉलेजच्या लेक्चरला कधी पोचणार? फार तर एखादा ऑनलाइन कोर्स करा, तोही फायनल इयरला नको.

लॉचं प्रकरण तर अजून वेगळं आहे. बार कौन्सिलच्या नियमात एलएलबीसोबत दुसरी रेग्युलर डिग्री चालतच नाही, म्हणजे एमबीबीएस आटपून सीईटी देऊन तीन वर्षांची एलएलबी करायची. आणि ती केली तरी डॉक्टरकी चालू ठेवून वकिलीची सनद मिळत नाही. मुंबईतल्याच एका सर्जननी ह्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत केस नेली होती, 1996 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. मेडिकोलीगल कामासाठी एलएलबीचा उपयोग खूप होतो, फक्त कोर्टात उभं राहायचं असेल तर प्रॅक्टिस सोडावी लागेल हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ टायमिंगचा होतो. सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजमधून झालात तर एक वर्ष सरकारी सेवा करायचा बाँड आहे, नाही केला तर 10 लाख भरा. माझ्या मते बाँड आधी करून टाकावा, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्र) पोस्टिंग मिळालं तर पब्लिक हेल्थवाल्यांना त्याहून चांगली शाळा नाही. ज्यांना पुढे पेशंटच बघायचेत त्यांनी मात्र नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन एमडी-एमएस आधी उरकावं, दोन वर्षं मध्ये गेली की फार्माकॉलॉजी-पॅथॉलॉजी पुन्हा वाचायला बसणं भयंकर जड जातं, मी मैत्रिणींचे हाल बघितलेत. आणि एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) म्हणजे पीएसएमची (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) एमडी नव्हे, ह्यात गफलत करू नका.

कागदपत्रांचं काम इंटर्नशिप संपायच्या आधीच सुरू करा. एमयूएचएसचं (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) मायग्रेशन, इंटर्नशिप कम्प्लिशन, एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) रजिस्ट्रेशन, सगळ्याचे स्कॅन आणि अटेस्टेड झेरॉक्सचे चार सेट हवेत, कारण ओरिजिनल्स एकाच वेळी दोन ठिकाणी मागतात आणि तुम्ही अडकता.

पैशांचं म्हणाल तर मी चेंबूरच्या एका नर्सिंग होममध्ये आठवड्याला दोन नाईट आरएमओ (रेसिडेंट मेडिकल ऑफिसर) म्हणून करायचे, फी पूर्ण निघाली नाही पण घरी मागावं लागलं नाही आणि आयव्ही लावायचा हातही राहिला. रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू करताना क्रेडिट पॉइंट्स लागतात, तेव्हा दुसरी डिग्री चालू असतानाही रविवारच्या सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीची शिक्षणसत्रं, चुकवू नका, सर्टिफिकेट्स त्याच फाइलला लावून ठेवा.