कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी काम करायचंय? पदव्युत्तर शिक्षण असं निवडा

जूनमध्ये गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसबाहेर अर्धा तास उभे राहा. ॲडमिशनची रांग असते. स्कॉलरशिपसाठी मामलेदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला अजून मिळाला नाही म्हणून रडकुंडीला आलेली मुलगी असते. काणकोणहून आलेले वडील हॉस्टेलची चौकशी करत असतात, आणि कोपऱ्यात एक मुलगा कुणाशीच न बोलता बसलेला असतो. या सगळ्यांकडे बघणारं कॉलेजात कुणीतरी असतं. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे आठवड्याला १६ तास शिकवणारे एखादे सर किंवा मॅडम. उरलेल्या वेळात ते एनएसएसही बघतात आणि गॅदरिंगही.

मी १४ वर्षं हेच काम करते. हे वेगळं कौशल्याचं काम आहे आणि त्याचं रीतसर शिक्षण घेता येतं, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत या क्षेत्राला 'स्टुडंट अफेअर्स' म्हणतात आणि त्यात दोन वर्षांची स्वतंत्र मास्टर्स पदवी मिळते. विद्यार्थ्याची बुद्धी, प्रकृती, मन, पैशाची ओढाताण, मित्रमंडळी या सगळ्यांचा एकत्र विचार करणं हे कॉलेजचं काम आहे, अशी भूमिका तिथल्या 'अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन'ने १९३७ सालीच लेखी मांडली होती. आपल्याकडे ही वाट अजून पायवाटच आहे. ती तुम्हाला सोपी व्हावी म्हणून हा लेख.

आधी एक सत्र काम जवळून बघा

फॉर्म भरायच्या आधी हे कराच. तुम्ही अजून पदवीला असाल तर एनएसएस मनापासून करा. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, एवढ्यात माणसं हाताळणं म्हणजे काय हे बऱ्यापैकी कळतं. पदवी झाली असेल तर आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा आणि ॲडमिशनच्या किंवा ओरिएंटेशनच्या दिवसांत मदत करू का, असं विचारा. यूजीसीने २०१९ मध्ये नवीन विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' हा उपक्रम आखून दिला आहे. तो नीट राबवायला कॉलेजांना हात हवेच असतात.

या काळात एक वही ठेवा. तिच्यात कुणाचंही नाव लिहायचं नाही, फक्त काय अडलं आणि कसं सुटलं ते लिहायचं. माझ्या वहीत सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीची नोंद आहे. दुपारच्या प्रॅक्टिकलला ती येईनाशी झाली होती. मी आठवडाभर तिच्याशी मनाबद्दल बोलत राहिले. खरं कारण असं होतं, की प्रॅक्टिकल सुटल्यावर तिच्या गावाकडे जाणारी शेवटची बस निघून गेलेली असायची. बॅच बदलून दिली आणि प्रश्न मिटला. समुपदेशन आणि वेळापत्रक ही दोन्ही याच खात्याची कामं आहेत. दुसरं कंटाळवाणं वाटत असेल तर या क्षेत्रात येऊ नका, असं मी स्पष्टच सांगते.

कुठली पदवी घ्यायची ते ठरवा

भारतात या नावाची पदवी शोधत बसू नका. इथे मुख्य रस्ते तीन: समाजकार्य, समुपदेशन मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र. माझा कल समाजकार्याकडे आहे, कारण त्यात माणसाबरोबर त्याचं घर, गाव आणि सरकारी योजनाही अभ्यासाला येतात, शिवाय क्षेत्रकार्य, म्हणजे एखाद्या संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम, अभ्यासक्रमाचाच भाग असतं. मानसशास्त्राची पदवी घेतलीत तर एकेका विद्यार्थ्याशी खोलवर काम करता येईल, पण वसतिगृह, शिस्त, विद्यार्थी मंडळ हा भाग बाहेरून शिकावा लागेल. प्रशासनात जायचं असेल तर शिक्षणशास्त्र चांगलं.

पणजीच्या डॉन बॉस्को कॉलेजात समाजकार्याचं शिक्षण मिळतं. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाकडे समुपदेशनावर भर असलेलं एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स पदवी) आहे, मानसशास्त्राचं एमए आहे, आणि प्राध्यापकांसाठी उच्च शिक्षणाचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. एनसीईआरटीचा समुपदेशनाचा डिप्लोमा मात्र मुख्यतः शाळेसाठी आहे, कॉलेजसाठी तो पुरा पडत नाही.

ॲडमिशनआधी देखरेखीबद्दल विचारा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि बहुतेक जण तीच गाळतात. हे काम पुस्तकातून येत नाही. अनुभवी माणसाच्या नजरेखाली, चुका करत, त्या चुकांवर बोलत येतं. अमेरिकेत अशा मास्टर्ससाठी जी मानकं मानली जातात त्यांत किमान ३०० तासांचं देखरेखीखालचं काम, तेही किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी, अपेक्षित आहे. आपल्याकडच्या एमएसडब्ल्यूत साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात. तासांचा हिशेब केला तर आपण कमी पडत नाही. कमी पडतो ते देखरेखीत.

माझ्या शिक्षणाच्या काळात मला नेमून दिलेल्या मार्गदर्शकांनी पूर्ण सत्रात मला एकदाच भेट दिली, तीही सही करायला. त्या सत्रात एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याचं बोलणं अर्धवट ऐकून मी म्हटलं, "परीक्षा झाली की सगळं ठीक होईल." तो पुन्हा आला नाही. त्या एका वाक्यात काय चुकलं हे त्या आठवड्यातच कुणी समजावलं असतं, तर त्याला शोधून काढून पुन्हा बोलले असते. मला ते दोन वर्षांनी उमगलं. आजही नवीन मुलामुलींना शिकवताना मी याच प्रसंगापासून सुरुवात करते.

म्हणून विभागप्रमुखांना सरळ विचारा: मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा बसतात? क्षेत्रकार्यासाठी कॉलेज मिळेल का? तिथे माझ्यावर लक्ष ठेवणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. गोव्यात एक जागा कॉलेजची मागा आणि दुसरी मानसिक आरोग्याची. १९९६ पासून काम करणारी 'संगाथ' संस्था इथे आहे, बांबोळीला मानसोपचार संस्थाही आहे. संकट कसं ओळखायचं आणि कुणाकडे कधी पाठवायचं, हे अशा ठिकाणी जितकं शिकायला मिळतं तितकं वर्गात मिळत नाही.

नियम तोंडपाठ करा

अभ्यासक्रमात असोत वा नसोत, चार गोष्टी वाचाच. यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम: गुन्हा घडला असेल तर संस्थाप्रमुखांनी २४ तासांत एफआयआर दाखल करायचा असतो. २०१५ चे लैंगिक छळाविरुद्धचे विनियम. २०२३ चे तक्रार निवारणाचे विनियम: समितीला अहवालासाठी कामकाजाचे १५ दिवस मिळतात, आणि निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थ्याला पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. चौथी गोष्ट हमखास विसरली जाते. प्रथम वर्षाची पुष्कळ मुलं १७ वर्षांची असतात, म्हणजे पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) आणि गोव्याचा २००३ चा बाल कायदा त्यांना लागू होतो. अशा मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन तुम्हाला देता येत नाही, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. हे त्याला आधी, प्रेमाने सांगायला शिका.

'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हे दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठ (ब्लूमिंग्टन), बोलिंग ग्रीन स्टेट अशा ठिकाणचे या विषयाचे विभाग नावाजलेले आहेत. अर्ज करताना 'असिस्टंटशिप' हा शब्द शोधा. वसतिगृह किंवा विद्यार्थी केंद्रात आठवड्याला साधारण २० तास काम, त्याबदल्यात मानधन आणि बऱ्याच ठिकाणी फीमध्ये सूट. ती मिळत नसेल तर कर्ज काढून जाऊ नका, असं माझं मत आहे. अमेरिकेच्या व्हिसा नियमांत हा विषय सहसा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत धरला जात नाही, त्यामुळे शिक्षणानंतर कामासाठी १२ महिनेच मिळतात. परत यायच्या तयारीनेच जा.

पैशांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आणि उच्च शिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना, दोन्हींच्या अटी अर्ज करण्याआधी वाचून घ्या.

पुढची नोकरी

खोटी आशा लावत नाही: आज यातली बरीच पदं कंत्राटी आहेत. पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांमध्ये किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले आहेत. त्यामुळे कॉलेजांना माणसं लागणारच. सोबत नेट किंवा गोवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा देऊन ठेवा, म्हणजे अध्यापनाचं दार उघडं राहील. विद्यार्थी कल्याणाची जबाबदारी आपल्याकडे बहुधा प्राध्यापकांकडेच जाते.

मुलाखतीला ती वही घेऊन जा. नाव नसलेले तीन प्रसंग निवडा, त्यातला एक तुमच्या हातून चुकलेला असू दे. आणि कोकणी कच्ची असेल तर आजपासून बोलायला लागा. पेडण्याचा मुलगा मराठीत फॉर्म भरेल, इंग्रजीत प्रेझेंटेशन देईल, पण घरचं दुःख सांगताना तो कोकणीवर येतो. त्या वेळी त्याला "मराठीत सांग" म्हणावं लागू नये.