तपकिरीच्या चिनी कुप्या जमवताय? या चुका टाळा

कुपी हातात आली रे आली की नवशिके ती आधी उलटी करतात. तळावर छ्येनलोंग सम्राटाची मुद्रा दिसली की कुपी थेट 1736 ते 1795 च्या काळातली ठरवून मोकळे! नंतरच्या कारागिरांनीही जुन्या सम्राटांच्या मुद्रा सर्रास काढल्या आहेत. चिनी मातीच्या बहुतेक कुप्या 19 व्या शतकातल्या असतात. मी तळ सगळ्यात शेवटी पाहतो. आधी तोंडाची कड, झिलई, रंगाची जाडी आणि चित्रातल्या रेषेचा हात.

काचेच्या कुपीत आतून रंगवलेलं चित्र म्हणजे चिनी माती नव्हे. हे आता तरी लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त चीड येते ती चित्रं आपल्या समजुतीने वाचण्याची. एका विक्रेत्याने पाच लाल वटवाघळांची सुरेख कुपी "अशुभ दिसते" म्हणून मागच्या फळीवर टाकली होती. गिऱ्हाइकंही हात लावत नव्हती. चीनमध्ये वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्हींचा उच्चार 'फू'. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची ओढ आणि पूर्ण वयात शांत मरण. तांबडा रंगही उगाच नाही. 'लाल' आणि 'अफाट' यांचाही उच्चार एकच, 'होंग'. म्हणजे ती कुपी अफाट सौभाग्याची! मांजर आणि फुलपाखरू एकत्र दिसलं, तर तीही नुसती गंमत नसते. उच्चारांच्या अशाच खेळामुळे सत्तरी-नव्वदी गाठण्याची ती शुभेच्छा असते. म्हणून एकेकटं चिन्ह तक्त्यात शोधत बसू नका, शेजारी काय काढलंय ते बघा. डाळिंब मात्र सरळ आहे: भरपूर दाणे, भरपूर मुलंबाळं.

दुसरी घोडचूक बुचाची. बुचाला खालून बारीक चमचा असतो आणि मधला कॉर्क जुना होऊन घट्ट बसतो. ओळखीतल्या एका उतावळ्या गृहस्थांनी थेट पक्कड लावली. तोंडाचा नखाएवढा टवका उडाला, चमच्याची हस्तिदंती दांडी मोडून आतच राहिली. दोन मिनिटं धीर धरवत नाही, त्यांनी हा नाद करूच नये. मी मऊ कापडात बूच धरून केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवतो. वर ओढत नाही. हललं नाही तर कुपी तशीच ठेवून देतो.

सोनेरी काम घासू नका. ब्लीच तर नकोच. आत जुनी तपकीर चिकटलेली असेल तर राहू द्या.

आणि बूच बदललेलं आहे म्हणून कुपी नाकारू नका. मूळ बूच शाबूत असलेल्या कुप्या कमीच मिळतात.