जुने जर्मन थालर घेताय? या चुका टाळा

आधी एक क्लिअर करतो, आपल्याकडे ‘जर्मन’ म्हटलं की आजीचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, आणि जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल, जस्त, चांदी शून्य. इथे बोलतोय ते थालरबद्दल, म्हणजे प्रशिया, सॅक्सनी, बव्हेरिया वगैरे जुन्या जर्मन राज्यांच्या खऱ्या चांदीच्या नाण्यांबद्दल.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे काटा बघून घाबरणं. थालरचं वजन 22.2 ग्रॅम आलं, नेटवर 18.5 वाचलेलं, की झालं, डुप्लिकेट म्हणून परत! अहो दोन्ही बरोबर असू शकतं. जुना प्रशियन थालर 22.27 ग्रॅमचा, पण चांदी 75 टक्केच. 1857 ला व्हिएन्नाचा करार झाला आणि फेराइन्सथालर आला, 18.52 ग्रॅम, चांदी 90 टक्के. म्हणजे शुद्ध चांदी दोन्हीत साधारण 16.7 ग्रॅमच. आणि हे नाण्यावरच लिहिलेलं असतं हो, जुन्यावर रोमन 14 आणि ‘आइने फाइने मार्क’ (बऱ्याचदा शॉर्टमध्ये), म्हणजे एक मार्क शुद्ध चांदीत 14 नाणी, इथे मार्क हे वजन आहे, 234 ग्रॅमच्या आसपास, चलन नाही. नव्यावर 30 किंवा तीन एक्स आणि ‘आइन फुंट फाइन’, अर्ध्या किलोत 30. भागाकार करून बघा.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. सॅक्सनीच्या राजा योहानचा थालर, छान निळसर-करडा रंग चढलेला, आणि मी चिंच लावून टूथब्रशने घासला. आता वाटीसारखा चकाकतो, पण राजाच्या गालावर बारीक रेघा, कलेक्टर हातात घेऊन लगेच खाली ठेवतो.

लोहचुंबकाला चिकटलं तर खोटं हे ठीक, पण नाही चिकटलं म्हणजे खरं असं नाही, पितळही चिकटत नाही. त्यापेक्षा कड बघा. प्रशियन थालरच्या कडेवर ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्यासोबत) असतं, ती अक्षरं एका जागी पुसट किंवा डाग दिलेली वाटली तर तिथे कधीतरी कडी होती, बव्हेरियात अशी नाणी दागिन्यात लटकवायची पद्धतच आहे.

1917 चं सॅक्सनीचं 3 मार्कचं नाणं (इथे मार्क म्हणजे चलन) स्वस्तात कोणी देत असेल तर हात जोडा, मुळात 100 च्या आसपासच पाडली होती.

आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर येतो. आलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद, आणि प्लीज, पुसू नका, आपोआप वाळू द्या.