मंदीच्या काळात पिके कोणी आणि का नष्ट केली : दाव्याची छाननी कशी करावी

‘लोक उपाशी होते आणि रूझवेल्ट सरकार पिके नांगरत होते’ हे विधान 1930 च्या दशकातील अमेरिकेविषयीच्या लेखनात वारंवार भेटते. ते खोटे नाही. मात्र त्यात अनेक वेगळ्या घटना एकत्र कोंबलेल्या असतात. असे विधान तपासायचे असेल, तर योग्य-अयोग्याचा निवाडा बाजूला ठेवून आधी नाश कोणी केला हे पाहावे. आयोवात 1932 मध्ये शेतकरी नेते मायलो रेनो यांच्या नेतृत्वाखाली माल बाजारात जाऊ न देण्याचे आंदोलन झाले, तर विस्कॉन्सिनमध्ये 1933 च्या दूध संपांत दूध ओतून देण्यात आले. ही दोन्ही कृत्ये भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांची होती. रस्त्यावर सांडलेल्या दुधाचे छायाचित्र सरकारी धोरणाचा पुरावा म्हणून दिले असेल, तर तो पुरावा तिथेच बाद करावा.

त्यानंतर तारीख पाहावी. शेती समायोजन कायद्यावर 12 मे 1933 रोजी स्वाक्षरी झाली, तोवर कापसाची पेरणी झालेली होती आणि डुकरिणी व्यायल्या होत्या. कायद्याचा मूळ हेतू भाव वाढावेत म्हणून पुढील हंगामात पेरा कमी करून घेण्याचा होता. उभ्या पिकाचा नाश हा पहिल्या वर्षी उशीर झाल्यामुळे योजलेला तातडीचा उपाय होता. त्या उन्हाळ्यात सुमारे 1 कोटी एकरांवरील कापूस मोबदला देऊन नांगरून टाकण्यात आला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुमारे 60 लाख डुकरे सरकारने विकत घेऊन मारली. गव्हाच्या बाबतीत दुष्काळानेच उत्पन्न घटवल्यामुळे नांगरणीची गरज पडली नाही. म्हणून ‘गहू नांगरला’ असे लिहिणाऱ्याची बाकीची आकडेवारीही संशयाने वाचावी.

नष्ट झालेली वस्तू खाण्याची होती का, हा प्रश्नही विचारावा, कारण कापूस कोणाच्या ताटात जाणार नव्हता. खरी अडचण डुकरांची आहे. त्यांच्या मांसापैकी सुमारे 10 कोटी पौंड गरजूंना वाटण्यात आले. परंतु बहुतेक पिले इतकी लहान होती की त्यांचे रूपांतर चरबी आणि खत यांत झाले. लोकक्षोभ उसळला तो याच ठिकाणी, आणि माझ्या मते तो रास्त होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उरलेला शेतमाल मदतकार्याकडे वळवण्यासाठी स्वतंत्र संघीय महामंडळ उभे राहिले, हे मात्र टीकाकार सहसा सांगत नाहीत.

आता भावाकडे वळावे. कायद्याचे लक्ष्य होते पॅरिटी किंमत, म्हणजे शेतमालाला 1909 ते 1914 या काळातील क्रयशक्ती परत मिळवून देणारी किंमत (तंबाखूसाठी नंतरचा काळ धरला होता). ती काढण्याची रीत सोपी आहे : पायाभूत काळातील भाव घ्यावा, शेतकरी ज्या वस्तू विकत घेतो त्यांच्या किमतींच्या निर्देशांकाने (पायाभूत काळ = 100) त्याला गुणावे आणि 100 ने भागावे. समजा, पायाभूत भाव 10 सेंट आहे आणि निर्देशांक 120 झाला आहे, तर पॅरिटी किंमत 12 सेंट येईल. त्या वर्षाचा प्रत्यक्ष भाव या आकड्याशेजारी मांडला की तूट किती होती ते दिसते. भाववाढीचे सगळे श्रेय मात्र पेराकपातीला देऊ नये. 1933 मध्ये अमेरिकेने सुवर्णमानकही (चलन सोन्याशी बांधून ठेवण्याची पद्धत) सोडले होते आणि 1934 चा दुष्काळ भीषण होता.

सर्वांत जास्त वेळ पैशाच्या वाटपावर खर्च करावा. मोबदल्याचा निधी कापूस, गहू वगैरे मालावर प्रक्रिया करणाऱ्यांवर बसवलेल्या करातून येई, आणि त्या कराचा काही भार ग्राहकावर पडणे अटळ होते. तो निधी जात होता जमीनमालकाकडे. 1934-35 च्या कापूस करारात प्रति पौंड साडेचार सेंटपैकी वाटेकऱ्याच्या (पिकातील वाट्यावर मालकाची जमीन कसणाऱ्याच्या) हाती अर्धा सेंट येई, आणि तोही मालकाने दिला तर; पेरा घटल्यावर माणसांची गरजही घटल्याने अनेक कुटुंबे जमिनीवरून हटवली गेली. आर्कान्सामधील टायरोन्झा येथे 1934 मध्ये गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना स्थापन केली ती याच कारणाने. हा कायदा राबवणाऱ्या कृषी समायोजन प्रशासनातील ज्या वकिलांनी कुळांच्या बाजूने कराराचा अर्थ लावला, त्यांना 1935 मध्ये काढून टाकण्यात आले. त्यामुळे ‘शेतकऱ्यांना फायदा झाला’ असे वाक्य आढळले, की कोणत्या शेतकऱ्यांना, हे लेखकाने सांगितले आहे का ते पाहावे.

शेवटी न्यायालयाचा संदर्भ तपासावा. 6 जानेवारी 1936 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बटलर खटल्यात प्रक्रिया कर आणि त्यावर आधारलेले करार 6 विरुद्ध 3 मतांनी घटनाबाह्य ठरवले. एवढ्यावर धोरण संपले असे लिहिलेले असेल, तर ते अपुरे आहे : त्याच वर्षी मृदसंधारणाच्या नावाखाली पेराकपातीचे पैसे देणे सुरू झाले आणि 1938 च्या नव्या कायद्याने विक्रीचे कोटेही आणले.