एसक्यूएलअल्केमीमध्ये बदललेले ऑब्जेक्ट कसे शोधावेत

डेटाबेसमधल्या ओळी पायथनचे ऑब्जेक्ट म्हणून हाताळू देणाऱ्या एसक्यूएलअल्केमी लायब्ररीत डेटाबेसमधून आणलेला ऑब्जेक्ट 'सेशन'च्या देखरेखीखाली असतो. त्याच्या एखाद्या गुणधर्माला मूल्य दिले की सेशन त्याची नोंद घेते आणि फ्लश होईपर्यंत, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवले जाईपर्यंत, ती सांभाळते. बदलांचा इतिहास वेगळ्या टेबलमध्ये ठेवायचा असेल, तर याच नोंदीपासून सुरुवात करावी.

प्रथम सेशनचे तीन संच पाहावेत. 'न्यू'मध्ये नव्याने जोडलेले, 'डिलीटेड'मध्ये काढून टाकायचे आणि 'डर्टी'मध्ये बदललेले ऑब्जेक्ट असतात. पहिल्या दोन संचांबाबत अडचण येत नाही. 'डर्टी'वर मात्र एकट्यावर विसंबू नये, कारण पूर्वीचेच मूल्य पुन्हा दिले तरी ऑब्जेक्ट या संचात दाखल होतो. म्हणून त्यातील प्रत्येक ऑब्जेक्ट सेशनच्या 'इज मॉडिफाइड' या मेथडने तपासावा.

नेमका कोणता गुणधर्म बदलला हे जाणण्यासाठी 'इन्स्पेक्ट' फंक्शन वापरून त्या गुणधर्माची 'हिस्टरी' घ्यावी. तिच्या 'अ‍ॅडेड' भागात नवे मूल्य आणि 'डिलीटेड' भागात जुने मूल्य मिळते. कमिटनंतर, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये कायम केल्यावर, ऑब्जेक्टमधली मूल्ये आपोआप कालबाह्य ठरवली जातात. अशा वेळी जुने मूल्य न वाचताच नवे दिले, तर 'डिलीटेड' भाग रिकामा राहतो आणि मूल्य तेच असूनही ऑब्जेक्ट बदललेला समजला जातो. जुने मूल्य हवेच असेल, तर मॅपिंग करतानाच, म्हणजे क्लासचे गुणधर्म टेबलच्या स्तंभांशी जोडतानाच, त्या गुणधर्मासाठी 'अ‍ॅक्टिव्ह हिस्टरी' चालू करावी.

ही तपासणी केव्हा करावी, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ऑटोफ्लश (क्वेरीपूर्वी आपोआप फ्लश करण्याची सोय) चालू असताना मधेच एखादी क्वेरी चालवली, तरी त्याआधी फ्लश होतो आणि 'डर्टी' संच रिकामा होतो. त्यामुळे कमिटच्या अगदी आधीच्या ओळीत केलेली तपासणीसुद्धा हुकू शकते. तपासणीचा कोड 'बिफोर फ्लश' या इव्हेंटला जोडला, तर तो प्रत्येक फ्लशपूर्वी चालतो.

जेसन स्तंभातील (की आणि मूल्य अशा जोड्यांचा डेटा ठेवणाऱ्या स्तंभातील) डिक्शनरीची एखादी की जागच्या जागी बदलल्यास सेशनला ते कळतच नाही. त्यासाठी स्तंभाचा प्रकार 'म्युटेबल डिक्ट'शी जोडावा. मात्र आतल्या, एकात एक असलेल्या डिक्शनरींमधले बदल त्यालाही दिसत नाहीत, आणि तेथे 'फ्लॅग मॉडिफाइड' फंक्शनने बदल स्वतः कळवावा लागतो.

अपडेट विधानाने एकगठ्ठा बदललेल्या ओळी वरील संचांत येत नाहीत. त्यांची नोंद 'डू ओआरएम एक्झिक्यूट' इव्हेंटमध्ये ते विधान अडवून वेगळी करावी.