कपाटाखाली गेलेली गोटी

धाकट्याची गोटी कपाटाखाली गेली. तो पाच वर्षांचा. पोटावर झोपला, हात घातला, पण पोचेना. "बाबा, काढून दे ना." मी झाडूच्या दांड्याने गोटी बाहेर ढकलली आणि पुन्हा कामाला लागलो. अर्धं मिनिटही गेलं नसेल. त्याच दुपारी मुलांना घालायची म्हणून मी आदल्या रात्री जागून कोडी काढून ठेवली होती. चांगलं कोडं सकाळीच समोर आलं होतं, आणि ते मी त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.

दोन मुलांना घरी शिकवताना एक गोष्ट मला हळूहळू उमगली. मूल अडतं तो क्षण आणि आपण उत्तर देतो तो क्षण, यांच्यामधला वेळ वाढवता आला तर अर्धं काम होतं. घरी तास संपल्याची घंटा होत नाही, तीस मुलं खोळंबलेली नसतात, त्यामुळे हा वेळ आपल्याकडे खरोखर असतो. मात्र घरी शिकवणारा आणि माया करणारा माणूस एकच असतो, आणि माया करणाऱ्याला धडपड बघवत नाही.

सुरुवात अडचण निवडण्यापासून करा. ती मुलाची स्वतःची असावी, चुकली तर काही बिघडू नये आणि सुटली की नाही हे मुलाला तुम्हाला न विचारता कळावं. ही शेवटची अट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. गोटी निघाली की निघाली; 'बाबा, बरोबर आहे का?' असं विचारायची वेळच येत नाही.

आमच्याकडे सर्वांत जास्त रंगलेला खेळ पुलाचा. सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या दोन थप्प्या, मध्ये वीतभर अंतर, एक कोरा कागद आणि वजनाला नाणी. कागद नुसता ठेवला तर मधोमध लवतो आणि दोन-तीन नाण्यांतच खाली येतो. मी एवढंच म्हटलं, "यावर जास्तीत जास्त नाणी राहतील असं काहीतरी कर." थोरली आठ वर्षांची. तिने आधी कागदाची दुहेरी घडी घातली. थोडा फरक पडला. मग चौघडी केली, तर कागद इतका आखूड झाला की पलीकडच्या थप्पीला टेकेना. मग सुरळी केली. सुरळी भक्कम होती, पण नाणी घरंगळून खाली. इथे ती अडली, चिडली, कागद टाकून उठून गेली. मी पसारा आवरला नाही. दुसऱ्या दिवशी बाहुलीसाठी कागदाचा पंखा करताना ती मध्येच थांबली आणि धावत पुस्तकांकडे गेली. पंख्याच्या घड्यांवर सतरा नाणी राहिली.

सतरावं नाणं टेकल्यावर मग मी तिच्या हातात लवचीक फूटपट्टी दिली. आडवी धरून वाकवली तर सहज वाकते, कडेवर उभी धरली तर वाकत नाही. घड्यांमुळे कागदाला उंची मिळते, म्हणून तो कमी लवतो. हे मी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर तिला पूल मिळाला असता, पण पंखा आणि पूल यांची सांगड तिची स्वतःची झाली नसती.

आधी दाखवण्याचा तोटा प्रयोगातही दिसला आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये लहान मुलांना एक खेळणं दिलं. त्यात चार गमती दडलेल्या होत्या, त्यांतली एक म्हणजे नळी ओढली की चूं आवाज. ज्या मुलांना 'हे असं चालतं' म्हणून आवाज शिकवून दाखवला, ती मुलं बराचसा वेळ तेवढंच करत राहिली. ज्यांच्यासमोर तो आवाज चुकून झाल्यासारखा झाला, त्यांनी जास्त वेळ खेळून बाकीच्या गमतीही जास्त शोधल्या. तेव्हापासून नवी वस्तू मी काही न बोलता ठेवून देतो. धारदार किंवा तापणारी वस्तू असेल तर गोष्ट वेगळी. ती नीट शिकवूनच द्यायची.

मूल अडलं की काय बोलायचं? मी आधी हात पाठीमागे बांधतो, कारण माझे हात तोंडाच्याही आधी पुढे जातात. मग विचारतो, "आतापर्यंत काय काय करून पाहिलंस?" पुष्कळदा सांगता सांगताच त्याला पुढचं सुचतं. नाही सुचलं तर, "नेमकं कुठे अडतंय, दाखव." एवढे दोन प्रश्न पुरतात. 'दोरी बांधून बघितलीस का?' हा मात्र प्रश्न नाही, ते उत्तर आहे, आणि मुलांना ते लगेच कळतं. विचारल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा. सुरुवातीला ते दहा आकडे फार लांब वाटतात.

तरीही काही गोष्टी त्या वयात सुचतच नाहीत, हे ठाऊक असलेलं बरं. सारा बेक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मुलांपुढे एक उंच अरुंद नळी ठेवली, नळीच्या तळाशी कडी असलेली छोटी बादली आणि शेजारी सहज वाकणारी सरळ तार. बादली बाहेर काढायची होती. तीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना तार वाकवून आकडा करणं सुचलं नाही. समोर आयता आकडा आणि सरळ तार ठेवली, तर चार-पाच वर्षांची मुलं आकडाच उचलत. आणि एकदा करून दाखवल्यावर बहुतेकांनी तो केलाही. हे वाचून मला हायसं वाटलं. धाकटा एखाद्या साध्या गोष्टीपाशी अडला तर त्याच्या कल्पकतेविषयी मी घाईने काही ठरवत नाही.

त्यामुळे मदत करायची, पण पायरीपायरीने. पहिल्यांदा फक्त शब्दांनी. मग बोट दाखवून. त्यानंतर एकच तुकडा करून द्यायचा आणि उरलेलं त्याच्याकडे सोपवायचं. जमायला लागलं की लगेच एक पायरी मागे. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी 1976 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना 21 लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचताना पाहिलं आणि अशा आधाराला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. परांची काढून घेण्यासाठीच बांधलेली असते. रडू फुटलं, भूक लागली असली किंवा झोप आली असली तर यातलं काही करू नका, जवळ घ्या.

सामान थोडंच ठेवा. दोरी, पुठ्ठ्याच्या नळ्या, कपड्यांचे चिमटे, चिकटपट्टी, काड्या. एका वेळी सहा-सात वस्तू पुरे. ढीग असला की मुलं निवडण्यातच दमतात. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर गोट्या, नाणी आणि मणी त्याच्या हाती लागू देऊ नका.

बक्षीस कबूल करू नका. त्याऐवजी काय केलं ते शब्दांत सांगा: "नळी आखूड पडली म्हणून तू दोन जोडल्यास."

घरी शिकणाऱ्या मुलाला एक उणीव भासते. वर्गात शेजारचं मूल तेच गणित निराळ्या रीतीने सोडवताना दिसतं, घरी ते दिसत नाही. म्हणून मी दोघांना एकच अडचण वेगवेगळ्या खोल्यांत देतो आणि नंतर एकमेकांना दाखवायला लावतो. एकच मूल असेल तर तुम्ही स्वतः सोडवायला बसा, आणि मोठ्याने विचार करा, चुकांसकट. परवा नळाची गळती बंद करताना मी म्हणालो, "वायसर बदलला तरी गळतंय, म्हणजे माझा अंदाज चुकला. आता काय बघू?" धाकट्याने वाकून पाहिलं आणि पाणी वरच्या जोडातून येतंय हे त्याने मला दाखवलं.

आमच्याकडे एक वही आहे. न जमलेल्या गोष्टींचीही चित्रं तिच्यात काढायची, शेजारी तारीख. चौघडीचा पूल आहे, घरंगळणारी नाणी आहेत. शेवटच्या पानावर आमच्या खोलीचं दार आहे, जे वाऱ्याने आपोआप लागतं. त्यापुढे तीन उपाय काढून खोडले आहेत, आणि चौथ्यासाठी धाकट्याने चौकोन आखून मोकळा ठेवला आहे.